प्राग: लग्नाची २५ वर्षं, पाच रात्री आणि एक कुरकुरणारा गुडघा. मदत हवी आहे

निवांत_दुपार:

नमस्कार मंडळी,

येत्या ८ मेला आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. हॉल घ्यायचा नाही, केक कापायचा नाही, आहेर नकोत, यावर आमचं चक्क एकमत झालंय आणि त्या पैशात बाहेर कुठेतरी जाऊन यायचं ठरलंय. लेकाने दोन टूर कंपन्यांची पत्रकं आणून दिली, ती वाचूनच दमायला झालं. रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, दुपारी एक देश, संध्याकाळी दुसरा, आणि जेवायला तिथेही पनीर बटर मसाला. तसलं नकोय. एकच जुनं शहर घ्यायचं, पाच रात्री तिथेच मुक्काम टाकायचा, जाग येईल तेव्हा उठायचं आणि झेपेल तेवढं फिरायचं.

शहर प्राग नक्की केलंय, फक्त कारणं दोघांची वेगळी आहेत. आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा प्लांट आला आणि आमचे हे त्यांना पार्ट्स पुरवणाऱ्या एका कंपनीत, त्यामुळे म्लादा बोलेस्लाव हे स्कोडाच्या मूळ गावाचं नाव आमच्या घरात वाळूज-चिकलठाण्यासारखं घेतलं जातं. तिथलं स्कोडाचं म्युझियम त्यांना बघायचंच आहे. मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही. मला तो चार्ल्स ब्रिज, तो किल्ला, १४१० सालचं घड्याळ आणि त्या जुन्या गल्ल्या बघायच्यात. महायुद्धात युरोपातली कितीतरी शहरं भुईसपाट झाली, त्यामानाने प्राग बरंच वाचलं म्हणून तिथे गॉथिकपासून सगळं अजून जागेवर आहे असं वाचलंय.

आता अडचणी. ह्यांचा उजवा गुडघा. सपाट रस्त्यावर तास दीड तास आरामात चालतात, चढ आणि पायऱ्या आल्या की कुरकुर सुरू (गुडघ्याची आणि त्यांची, दोन्हीची). फोटोंमध्ये बघते तर सगळीकडे दगडी फरशी आणि किल्ला टेकडीवर. कसं जमवायचं? हॉटेल जुन्या भागातच घ्यावं की जरा बाहेर? मी शाकाहारी, अंडं चालतं. हे चिकन-मासे खातात पण बीफ-पोर्क नाही. तिथे युरो नाही म्हणतात, मग पैसे इथून काय न्यायचे? व्हिसाची घाई कधीपासून करायची? आणि शेवटचं म्हणजे हे आता म्हणायला लागलेत की एवढ्या लांब जातोय तर व्हिएन्ना आणि बुडापेस्टपण उरकून घेऊ. "उरकून" हा शब्द ऐकूनच माझं डोकं फिरलंय. कृपया कोणीतरी त्यांना समजावा, हे माझ्या खांद्यावरून हा धागा वाचणार आहेत.

८ तारखेला काही खास करता येईल असं सुचलं तर तेही सांगा.

डोंगरवारा:

पाच रात्री एकाच शहरात? दोन दिवसात प्राग होतं हो. उरलेल्यात व्हिएन्ना आरामात बसेल. दादांशी सहमत.

एल्बेकाठ:

डोंगरवारा, दोन दिवसात प्राग "होतं" म्हणजे घड्याळासमोर सेल्फी होतो.

ताई, मी ड्रेस्डेनला राहते, प्राग इथून ट्रेनने अडीच तासाच्या आत, त्यामुळे भारतातून कोणीही आलं की त्यांना तिथे फिरवणं हे खातं माझ्याकडेच असतं. सासूबाईंना गुडघे दुखत असताना नेलंय तेव्हा बिनधास्त विचारा.

किल्ल्याला खालून चढायचं नाही. सगळे मालोस्त्रान्स्का मेट्रो स्टेशनकडून पायऱ्या चढत जातात, तुम्ही २२ नंबरची ट्राम पकडायची आणि प्राझ्स्की ह्राद या स्टॉपला उतरायचं. तिथून जवळजवळ सपाट रस्ता थेट किल्ल्याच्या दुसऱ्या चौकात जातो. परतही त्याच ट्रामने यायचं, "उतरायलाच तर आहे" असं म्हणून पायऱ्यांनी यायचं नाही, गुडघ्याला उतार जास्त छळतो. आवारात फिरायला पैसे नाहीत, तिकीट आतल्या इमारतींचं, आणि ते दोन दिवस चालतं. म्हणजे एका सकाळी कॅथेड्रल आणि राजवाडा, दुसऱ्या दिवशी गोल्डन लेन असं तोडून बघता येतं. त्या गल्लीतल्या २२ नंबरच्या इवल्याशा घरात काफ्का काही महिने लिहायला बसायचा. रविवारी मात्र कॅथेड्रल दुपारी बारापर्यंत पर्यटकांना बंद असतं, प्रार्थना चालू असते.

कॅथेड्रलचं काम १३४४ ला सुरू झालं आणि १९२९ ला संपलं. (आपण उड्डाणपूल रखडला म्हणून ओरडतो.) आत शिरल्यावर डाव्या हाताची तिसरी काच शोधा, ती चेक चित्रकार आल्फोन्स मुखाची. बाकी काचा लाल-निळ्या तुकड्यांच्या आहेत, ही चक्क रंगवलेली आहे, मधोमध लहानगा राजपुत्र आणि त्याची आजी. आणि नीट खाली बघितलं तर स्लाविया बँकेचं नाव आहे, काचेचा खर्च त्यांनी दिला होता. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरायची सवय फक्त आपल्यालाच नाही!

चार्ल्स ब्रिज: सकाळी साडेसहा-सातला जा. दहानंतर तिथे नुसती रेटारेटी असते, पुतळे दिसत नाहीत फक्त सेल्फी स्टिका दिसतात. पूल ५१६ मीटर, पूर्ण दगडी पण बऱ्यापैकी सपाट, दादांना जमेल. दोन्ही बाजूंना मिळून ३० पुतळे, बरेचसे आता प्रतिकृती आहेत, मूळ आत नेऊन ठेवलेत. नेपोमुकच्या संत जॉनला १३९३ साली राजाच्या हुकमाने नदीत टाकलं, त्याच्या पुतळ्याखालची पितळी पाटी लोकांनी हात लावून लावून पिवळीजर्द केलीय, बाकी सगळी काळपट.

घड्याळाचं सांगते, अपेक्षा कमी ठेवा. दर तासाला, सकाळी ९ ते रात्री ११, खिडकीतून येशूचे बारा प्रेषित सरकतात, सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो आणि एक मिनिटभरात खेळ खलास. पाचशे माणसं मान वर करून उभी असतात आणि मग "एवढंच?" असा चेहरा करून पांगतात. तबकडी मात्र खरंच बघण्यासारखी आहे, ती गर्दी पांगल्यावर निवांत बघा, सूर्य कुठल्या राशीत आहे तेही दाखवते. आणि त्याच टाऊन हॉलच्या मनोऱ्यावर वर जायला लिफ्ट आहे! वरून अख्खा चौक दिसतो.

राहायला विनोह्राडी भाग बघा, नामेस्ती मिरूच्या आसपास. जुन्या चौकाजवळ रात्री उशिरापर्यंत बिअर पिऊन गाणारी टोळकी असतात, झोपेचं खोबरं. विनोह्राडी शांत, झाडं भरपूर, आणि तीच २२ नंबरची ट्राम तिथूनच जाते, थेट किल्ल्यापर्यंत. फक्त इमारतीला लिफ्ट आहे का ते बुकिंगच्या आधी विचाराच, तिथल्या जुन्या इमारतींचे जिने बेकार असतात. नामेस्ती मिरूच्या मेट्रो स्टेशनवरचा सरकता जिना ८७ मीटर लांब आहे आणि पळतोही जोरात, ताई तुम्हाला उंचीची भीती असेल तर ट्रामच बरी.

व्हिएन्ना ट्रेनने एका बाजूने चार तास, बुडापेस्ट त्याच्याही पुढे. दादा, नका हो.

कढीलिंब:

खाण्याचं मी सांगतो कारण अस्मादिक पक्के शाकाहारी आणि ऑफिसच्या कामाने तिथे बरेच राहिलेत.

एक लक्षात ठेवा, गुलाश आणि स्विच्कोवा हे तिथले मांसाचे पदार्थ, दोन्ही बहुतेक वेळा बीफ, आणि नुसतं "मीट" लिहिलं असेल तर पोर्क असायची शक्यता भरपूर, तेव्हा दादांनी विचारूनच मागवावं. तुमच्यासाठी स्माझेनी सिर, म्हणजे चीजचा जाड तुकडा ब्रेडक्रम्ब्स लावून तळलेला, सोबत बटाटे आणि टार्टर सॉस (त्यात अंडं असतं, तुम्हाला चालतंय). जड असतं, दोघांत एक घ्या. ब्राम्बोराक म्हणजे लसूण आणि मार्जोरम घातलेलं बटाट्याचं थालीपीठवजा प्रकरण, एकदम आपलं वाटतं, पण कधीकधी त्यात मांसाचे तुकडे असतात म्हणून विचारा. फळं भरलेले गोड डम्पलिंग मुख्य जेवण म्हणून मिळतात, वरून चक्का, लोणी आणि साखर! सूप शाकाहारी दिसलं तरी रस्सा हाडांचा असू शकतो.

चौकाचौकात विस्तवावर फिरवून भाजलेलं साखर लावलेलं त्रदेल्निक दिसेल, वर "जुना बोहेमियन पदार्थ" अशी पाटी. हे फॅड पर्यटकांसाठी गेल्या काही वर्षांत आलंय, लोकल माणूस खाताना दिसत नाही. एकदा खा, गरम असताना बरं लागतं, पण आत आइस्क्रीम भरलेलं घेऊ नका, चड्डीपर्यंत ओघळतं.

अगदीच वरणभाताची आठवण आली तर इस्कॉनवाल्यांचं गोविंदा आहे, वेळ मॅपवर बघून जा.

हिशेबनीस:

पैसे: तिथे चेक कोरुना चालतो, एक कोरुना म्हणजे साधारण चार रुपयांच्या आसपास. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, फॉरेक्स कार्ड करून घ्या, थोडीच रोकड ठेवा. युरो काही दुकानात घेतात पण भाव त्यांचा. रोकड काढायची तर बँकेच्या भिंतीतलंच एटीएम, आणि मशीनने "रुपयात हिशोब करू का?" असं विचारलं की नाही म्हणायचं.

जुन्या चौकाजवळच्या "शून्य कमिशन" पाट्यांपासून लांब. माझ्या मेहुण्याने शंभर युरो दिले, हातात आले जेमतेम दोन तृतीयांश भावाचे. पण त्याने पावती ठेवली होती आणि तिथे कायदा आहे की तीन तासांच्या आत जाऊन असा व्यवहार रद्द करता येतो (१००० युरोपर्यंत). काउंटरवरच्या बाईने आधी चेकमध्ये बरंच काही सुनावलं, हा पावती काचेला चिकटवून उभा राहिला, मिळाले परत.

व्हिसा: प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण मे म्हणजे आपल्याकडचा सुट्टीचा सीझन, अपॉइंटमेंटलाच मारामारी. जानेवारी-फेब्रुवारीत मोकळे व्हा. फी मोठ्यांना ९० युरो, वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज. इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा आणि दहा वर्षांच्या आतला. आणि दादा, जास्त रात्री ज्या देशात त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो, तेव्हा तीन शहरांचा घाट घातलात तर कागदपत्रंही तिप्पट जमवा.

ट्रामचं कागदी तिकीट घेतलंत तर पहिल्यांदा चढल्यावर पिवळ्या मशीनमध्ये शिक्का मारायचा. नाही मारला तर तिकीट असूनही दंड. साध्या कपड्यातले चेकर असतात आणि त्यांना दयामाया नसते.

निवांत_दुपार:

बापरे, किती पटापट! खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. एल्बेकाठ, तुमचा प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "लिफ्ट आहे" इथे चेहरा खुलला आणि "दादा, नका हो" ला मान डोलावली. व्हिएन्ना कटाप. पण बदल्यात म्युझियमला अख्खा दिवस हवा म्हणतात, आणि तोही ८ तारखेलाच, कारण म्हणे "आपला खास दिवस". मी काय बोलू आता.

डोंगरवारा:

वैनी, २५ वर्षांनंतरही माणूस रोमँटिक आहे, फक्त कोणाबद्दल ते विचारू नका 😂

एल्बेकाठ:

हाहा. दादांना सांगा, ८ मे ही तिकडे सार्वजनिक सुट्टी, महायुद्ध संपल्याची. फॅक्टरी टूर करायची असेल तर ती त्या दिवशी धरूच नका, कामाच्या दिवशीची आधी बुक करा, प्लांट चालू असताना बघण्यातच मजा. म्युझियम बघून बसने संध्याकाळपर्यंत प्रागला सहज परत येता. १८९५ ला त्यांची सुरुवात सायकलींपासून झाली, त्यामुळे ताई तुम्हालाही अगदीच कंटाळा येणार नाही. सुट्टीमुळे त्या दिवशी मोठी सुपरमार्केटही बंद असतात, दूध-फळं आदल्या दिवशी आणून ठेवा.

८ तारखेसाठी माझं ऐकाल तर दुपारी विशेह्राद. मेट्रोच्या सी लाइनवर त्याच नावाचं स्टेशन, तिथून फारसा चढ नाही. जुनी तटबंदी, खाली नदी, लांबवर किल्ला, आणि गर्दी किल्ल्याच्या मानाने काहीच नाही. ड्वोर्झाक, स्मेताना हे संगीतकार आणि तो काचवाला मुखा तिघंही तिथल्या दफनभूमीत आहेत. आणि संध्याकाळी इस्टेट्स थिएटर. २९ ऑक्टोबर १७८७ ला मोझार्टने स्वतः उभं राहून डॉन जोव्हानीचा पहिला प्रयोग केला तेच थिएटर, आजही चालू. ऑपेरा कळायलाच हवा असं काही नाही, वर इंग्रजीत अक्षरं येतात.

कढीलिंब:

१ मेला पोचत असाल तर अजून एक. त्या दिवशी तिकडे जोडपी पेट्रीनच्या टेकडीवर बहरलेल्या झाडाखाली जाऊन... असो, महाराष्ट्र दिन आपल्याकडे वेगळ्या पद्धतीने साजरा होतो.

निवांत_दुपार:

आम्ही ५ तारखेला पोचतोय, सुटले 😄

थिएटरची कल्पना ह्यांना चक्क आवडली (तिथे बसायला मिळतं म्हणून असावी). पण तीन तास एका जागी म्हणजे गुडघा आखडतो, कडेची खुर्ची मिळते का? आणि साडी चालेल ना तिथे?

एल्बेकाठ:

साडी पळेल! पैठणी असेल तर तीच नेसा. तिकिटं नॅशनल थिएटरच्या साइटवरूनच काढा (इस्टेट्स त्यांच्याकडेच आहे), रस्त्यात विग घालून पत्रकं वाटणारे उभे असतात ते भलत्याच कुठल्यातरी कॉन्सर्टची विकतात. खालच्या मजल्यावरची रांगेच्या टोकाची खुर्ची घ्या, पाय वाटेकडे लांबवता येतो. बॉक्समधल्या मागच्या खुर्च्या स्वस्त दिसतील पण तिथून अर्धं स्टेज दिसत नाही. मध्यंतर असतं, तेव्हा दादांना बाहेर दोन चकरा मारू द्या.