खाडीवरच्या पुलाच्या प्लेटी फुगल्यात, नुसता रंग पुरेल का?

प्रश्न: आमच्या जुन्या लोखंडी पुलाच्या दोन प्लेटींमधे गंज भरलाय, रिव्हेटांच्या मधे प्लेट चक्क फुगलीय, कडेने तपकिरी ओघळ. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो घासून रंग मारतो, चालेल का?

उत्तर १: अजिबात नको!! फटीत खारं पाणी अडकतं, ऑक्सिजन पोचत नाही, ते पाणी आम्लधर्मी होत जातं आणि बाहेर दिसायच्या आत लोखंड आतून खाल्लं जातं, वर गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून प्लेट फुगते. अमेरिकेत कनेक्टिकटमधे मायानस नदीच्या पुलाचे ड्रेन बुजवलेले होते, पाणी जोडात उतरलं, गंजाने हँगर (गाळा लटकवून धरणारी लोखंडी पट्टी) त्याच्या पिनवरून ढकलला, १९८३ ला अख्खा गाळा खाली, ३ माणसं गेली.

उत्तर २: आधी पाणी कुठून येतंय ते थांबवा. मग गोड्या पाण्याच्या प्रेशरने क्षार धुवा, फट पूर्ण वाळू द्या, आत झिरपणारा कॅल्शियम सल्फोनेट प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर) सोडा. वरची, बाजूची कड सीलंटने बंद करा पण खालची उघडीच ठेवा, पाणी निथळायला हवं ना. रिव्हेटांची डोकी बघितलीत का?

प्रश्नकर्ता: हो, दोन उडालीयेत.

उत्तर २: मग रंगाचं नंतर, आधी जड गाड्या थांबवायला लावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.