गावच्या चर्चचा इतिहास ‘इंग्रजकालीन’ या एका शब्दात संपतो का?

माहुलीकर
परवा गावची स्मरणिका हातात पडली. घाटाला चार पानं, ग्रामदैवताला सहा, दर्ग्याला दीड, बंद पडलेल्या टॉकीजला पण एक पान. आणि पेठेमागच्या चर्चला एक ओळ, ‘येथे एक इंग्रजकालीन चर्च आहे.’ बास. वाचून खरंच वाईट वाटलं.

एक तर ते चर्च बांधणारे इंग्रज नव्हतेच. आपल्या सातारा भागात आलं ते अमेरिकन मराठी मिशन. १८१३ ला हे लोक मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारनंच त्यांना परत जा म्हणून हुकूम काढला होता, लई खटपट करून राहिले, मग १८३१ ला नगर आणि १८४९ ला सातारा. सांगली-मिरजेकडं आले ते पण अमेरिकनच, पण मिशन वेगळं, प्रेस्बिटेरियन. इंग्रजांची चर्चं ती महाबळेश्वरला आणि कॅम्पात, साहेबलोकांसाठी, उपासना इंग्रजीत. पेठेतलं देऊळ (आमच्याकडं ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात) मराठी माणसांचं, मराठी उपासनेचं. दोन्हीला एकच शिक्का मारला की गावातल्या चार-पाच पिढ्या पुसल्या जातात. ह्याच्यावर निदान चार पानं पाहिजे होती असं माझं स्पष्ट मत आहे.

तलाठ्याचा नातू
अजिबात पटलं नाही. अमेरिकन असोत नाहीतर कोण असोत, सावली इंग्रजांचीच होती ना? तारखा तुम्हीच दिल्यात, आता त्या ओळीनं लावा. १८३९ ला इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं. १८४८ ला शहाजी महाराज वारले, दत्तक नामंजूर, राज्य खालसा. आणि १८४९ ला साताऱ्यात मिशन हजर. ह्याला योगायोग म्हणायचं का? राज्य बुडाल्यावर दुसऱ्याच वर्षी जे आलं त्याला ‘इंग्रजकालीन’ म्हटलं तर काय चुकलं? स्मरणिकावाल्यांनी उलट सौम्य शब्द वापरलाय.

माहुलीकर
पण मिशनचे पाद्री ग्रेव्ह्जसाहेब त्याच्या आधीपासून महाबळेश्वरात होते, १८४३ ला तिथंच वारले. तेव्हा साताऱ्याची गादी होती की.

तलाठ्याचा नातू
गादी होती, महाबळेश्वर नव्हतं. १८२९ लाच खंडाळा गावाच्या बदल्यात ते इंग्रजांकडं गेलं होतं. म्हणजे माझाच मुद्दा.

माहुलीकर
बरोबर, हा मुद्दा तुमचा. माझं उदाहरण चुकलं.

मिरज जंक्शन
मग मिरजेचं काय करणार? मिरज पटवर्धनांचं संस्थान, खालसा झालेलं नव्हतं. तिथल्या मिशनचे डॉ. वानलेस जन्माचे कॅनडाचे, १८८९ ला ह्या भागात आले, आधी सांगलीला मग मिरजेला, १८९४ ला हॉस्पिटल उभं राहिलं. माझी आजी सांगायची, कुणाला काय झालं की घरात एकच वाक्य, ‘मिरजेला न्या.’ आज स्टेशनपासून जी दवाखान्यांची रांग दिसते तिचं मूळ तिथं आहे. त्यांना नुसतं साहेबाचे हस्तक म्हणायचं मला तरी जमत नाही.

तलाठ्याचा नातू
दवाखान्याबद्दल माझी तक्रारच नाही, आमच्या घरचं माणूस पण तिथं वाचलंय. पण दवाखाना वेगळा आणि धर्मांतर वेगळं. आणि संस्थानावर पण इंग्रजांचा पोलिटिकल एजंट बसलेला असायचाच. दुष्काळात उपाशी माणसाला भाकरी देऊन धर्म बदलायला लावला हे पण लिहायचं का मग त्या चार पानांत? लिहायचं तर सगळं लिहा.

पेठेतली
हो, लिहा. मीच सांगते. आमचे पणजोबा दुष्काळातच मंडळीत (म्हणजे चर्चच्या सभासदांत) आले, माण तालुक्यातून चालत, बरोबर धाकटी बहीण. १८९६-९७ चा दुष्काळ, त्यातून मान वर काढतोय तोवर १८९९-१९०० चा छप्पन्नाचा (संवत १९५६ चा म्हणून छप्पन्नाचा). जनावरं मेलेली, विहिरी कोरड्या, आणि गाव असा की पाणी असलं तरी आमच्या लोकांनी वाड्यातल्या आडावर जायचं नाही. भाकरीसाठी आले असं म्हणून आम्हाला शाळेत हिणवायचे, मी पाचवीत असताना रडत घरी आले होते, तेव्हा आजोबा म्हणाले होते, बाई, भाकरी मागायला गेलो ते खरंय पण त्यांनी शेजारी बसवून वाढली, ते कुणी विचारत नाही. आता ह्याला जबरदस्ती म्हणायची का आणखी काय ते तुम्ही ठरवा, पण आमच्या पणजोबांना काहीच कळत नव्हतं असं समजू नका, त्यांनी बघून, तोलून ठरवलं होतं.

आणि इतिहास बघायचा तर भिंतीवरची संगमरवरी पाटी बघू नका, तिच्यावर साहेबाचंच नाव आहे. कपाटातलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर बघा. मी लहानपणी धूळ झाडायला मदत करायचे तेव्हा पाहिलंय. काळी शाई आता तपकिरी झालीये, ‘धंदा’ असा एक रकाना आहे, सुरुवातीच्या पानांवर मोलमजुरी, मोलमजुरी, वेसकर, मोलमजुरी, आणि वीस-पंचवीस वर्षं पुढं गेलं की त्याच आडनावांपुढं मास्तर, नर्स, कंपाउंडर, रेल्वेत नोकरी. आणि १९१८ च्या तापाच्या साथीत मयताच्या पानांवर एकेका दिवसाला तीन-तीन नावं. शेवटी शेवटी अक्षर बदलतं. लिहिणाराच गेला असणार, असं मला वाटतं.

कराडचा पाहुणा
वाचून गलबलून आलं ताई. ह्यात एक भर घालतो. कवी नारायण वामन टिळक शेवटच्या काळात साताऱ्यात होते आणि १९१७ ला त्यांनी तिथंच ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. कोकणातला ब्राह्मण, १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेला, आणि ख्रिस्ती झाल्यावर अभंग लिहितोय. मिशनचा साहेबी थाट नको, आपल्या मातीतलं पाहिजे, हे तो माणूस शंभर वर्षांपूर्वी सांगत होता. ‘इंग्रजकालीन’ मध्ये हे कुठं बसतं?

तलाठ्याचा नातू
टिळकांबद्दल आदरच आहे. पण मिशनच्या साहेबी थाटाविरुद्ध त्यांना उभं राहावं लागलं, ह्यावरनंच थाट होता हे सिद्ध होतं.

नव्या कॉलनीतला
मी त्याच मंडळीचा सभासद आहे म्हणून बोलतो. इतिहासाचं सगळं ठीक, पण कौलं गळतात, वाळवीनं दोन तुळया खाल्ल्यात, घरं उरलीत तीस-पस्तीस, पोरं सगळी पुण्या-मुंबईला. कापणीच्या सणाला लोक कणसं, कोंबड्या, अंडी आणतात, लिलाव होतो, त्यात एका पावसाळ्याची डागडुजी पण भागत नाही. माझं मत, पाडून स्लॅबचं बांधावं. बाहेरून फोटो काढणाऱ्यांनी जुनं जपा म्हणायला काय जातंय?

पेठेतली
पाडू नका हो. तुळया बदलता येतात. आमची तीन लग्नं आणि सहा मयतं त्या छपराखालून गेलीत. वर्गणी काढू, मी पहिली देते.

नव्या कॉलनीतला
दोन वेळा काढली होती ताई. दरवेळी अर्ध्यावर थांबलं.

माहुलीकर
स्मरणिकेची पुरवणी निघणार आहे म्हणतात. मी लिहायला घेतो. खालसा आणि मिशन, दोन्ही साल शेजारी शेजारी टाकतो, नातू म्हणतात ते बरोबर आहे, झाकायचं नाही. पण धंद्याचा तो रकाना पण येणार.

तलाठ्याचा नातू
दोन्ही येणार असेल तर माझी हरकत नाही. ‘इंग्रजकालीन’ शब्द मात्र काढू नका, माझं मत तेच आहे.

पेठेतली
फोटो काढायला येणार असाल तर रविवारी अकरानंतर या, त्याआधी उपासना असते. किल्ली पाळकसाहेबांकडं. आणि रोहिणीचा पाऊस पडायच्या आत या, कपाट गळक्या कोपऱ्यातच आहे.