टायट्रेशनमधलं ‘टायटर’ आलं कुठून?

प्रश्न (बीड)
बारावीची पोरं विचारायलेत, ‘टायटर’ नावाचा कुणी शास्त्रज्ञ होता का? टायट्रेशनमध्ये, म्हणजे ठरलेल्या ताकदीचं द्रावण मोजून सोडत दुसऱ्यातला पदार्थ किती ते काढताना, जर्नलमध्ये टायटर रीडिंग रोज लिहितो, पण शब्दाचं मूळ काय? आणि टायट्रेशनला मराठीत ‘अनुमापन’ म्हणतात, ते त्याचंच भाषांतर का?

नांदेड
शास्त्रज्ञ नाही, सर. फ्रेंच ‘तित्र’. त्याच्या मागं लॅटिन ‘तितुलुस’, म्हणजे नाव-मजकुराची पाटी. इंग्रजी ‘टायटल’ त्याचंच भावंड. पण प्रयोगशाळेत शब्द आला तो दुसऱ्या अर्थानं. फ्रेंचमध्ये तित्र म्हणजे सोन्याचांदीची शुद्धता, आपल्या सराफ्यातला टंच! फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकनं १८३२ मध्ये चांदीचा कस काढायची ओली पद्धत छापली. चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायची, वरून ठरलेल्या ताकदीचं मिठाचं पाणी सोडायचं. पांढरा साका पडायचा थांबला की किती पाणी गेलं ते बघायचं. त्यावरून टंच. पोरांना हेच सांगा, लगेच कळतं.

परभणी
अनुमापन भाषांतर नाही. अनु म्हणजे पाठोपाठ, मापन म्हणजे मोजणं. टंचाचा त्यात मागमूस नाही. ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची तोटीवाली नळी), पिपेट (ठरावीक द्रव मोजून उचलायची नळी) ही नावं या उपकरणांना गे-ल्युसॅकनंच १८२४ च्या निळीवरच्या लेखात दिली. ‘ब्युइर’ म्हणजे सुरई, ब्युरेट म्हणजे लहान सुरई. पिपेट म्हणजे छोटी नळी. मेनिस्कस, म्हणजे नळीतल्या द्रवाची वरची बाकदार कड, हा शब्द मात्र ग्रीक, अर्थ चंद्रकोर. त्या कोरीचा तळ डोळ्याच्या रेषेत धरूनच रीडिंग घ्यायचं.

लातूर
टंचाचा अर्थ धरला तर एक चूक टळते. नुसते मिली म्हणजे टायटर नव्हे, ब्युरेटमधल्या द्रावणाची ताकद पक्की हवी. बोअरच्या पाण्याचा जडपणा घ्या. ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे जडपणाचे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारं रसायन (डायसोडियम मीठ ३.७२ ग्रॅम, १ लिटरला). ५० मिली पाणी, १-२ मिली अमोनिया बफर (पीएच १० वर टिकवणारं द्रावण), चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक). लालसर जांभळा रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबा. १ मिली ईडीटीए म्हणजे १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट, आणि ५० मिलीवरून लिटरला जायचं, म्हणून रीडिंग गुणिले २०. २४.६ मिली आलं तर लिटरला ४९२ मिग्रॅ.

निळा नीट उघडत नसेल तर आधी बफरची बाटली बघा. बूच सैल राहिलं की अमोनिया उडतो, पीएच १० च्या खाली येतो. आणि सुरू करण्याआधी तोटीतला बुडबुडा काढाच. तो मधेच निघाला आणि अर्धा मिली जास्त दिसला, तर उत्तर लिटरला १० मिग्रॅनं चुकतं.

प्रश्नकर्ता (बीड)
बुडबुडा कसा काढायचा? तोटी आपटून निघत नाही.

लातूर
आपटू नका, काच तडकते. ब्युरेट काठोकाठ भरा, कॉक एकदम पूर्ण उघडून ४-५ मिली जोरात सोडा. मग शून्यावर आणा, आणि वरची चाडी (फनेल) काढून ठेवा. तिच्यातला थेंब नंतर पडला तर रीडिंग कमी येतं.