मूळ गाणं ऐकलं आणि पंचाईत झाली

उशिराची_श्रोती

मंडळी, अमेरिकी कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनचं ‘क्रेझी’ मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यातल्या पियानोच्या जागा झोपेतून उठवलं तरी गुणगुणून दाखवीन. ते विली नेल्सनने लिहिलंय हे कळायला मात्र मला इतकी वर्षं लागली. (नाव उगाच नाही घेतलं.) मग अर्थातच त्याने स्वतः गायलेलं शोधलं. १९६२ साली आलेल्या त्याच्या पहिल्याच अल्बमवर आहे.

शब्द तेच, चाल तीच, पण हा माणूस ठेक्याबरोबर चालतच नाही! ओळ उशिरा उचलतो, मध्येच चार शब्द भरभर म्हणून टाकतो आणि तरी शेवटी बरोबर जागेवर येऊन उभा राहतो. आधी वाटलं, फाइलच बिघडलीय. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कोणीतरी खुर्चीवर रेलून, गाण्याऐवजी नुसतं सांगतंय. तिसऱ्यांदा ऐकल्यावर क्लाइनचं गाणं जरा जास्तच इस्त्री केलेलं वाटायला लागलं, आणि ही खरी पंचाईत. माझं लाडकं गाणं आहे हो ते!

तर मला अशा जोड्या हव्यात: आधी ज्याचं होतं त्याचं, आणि नंतर ज्याने ते आपलं करून टाकलं त्याचं. कंट्री, पॉप, रॉक, काहीही चालेल, फक्त जुनं हवं. कृपया नुसती यादी टाकू नका, कान कुठे द्यायचा ते सांगा.

सहातारी

फाइल ठीक आहे. विली तसाच गातो, आजही. ठेका वाजवणाऱ्यांवर त्याचा पूर्ण भरवसा असतो, म्हणून तो स्वतः भटकून येतो.

गंमत म्हणजे खुद्द क्लाइनही त्याच्या त्या गाण्याने बुचकळ्यात पडली होती. नमुना म्हणून आलेल्या ध्वनिमुद्रणात विलीचा हाच रेंगाळणारा ढंग होता आणि त्याच्यामागून जाणं तिला जमेना. त्यात तिची अवस्था बघा. जून १९६१मध्ये तिच्या गाडीला समोरासमोर धडक बसली होती. कपाळ फाटलं होतं, बरगड्यांना मार होता. ऑगस्टमध्ये ती नॅशव्हिलला निर्माता ओवेन ब्रॅडलीच्या स्टुडिओत उभी राहिली. तेव्हा तिथे तीन तासांच्या एका बैठकीत तीन-चार गाणी सहज उरकायची. त्या दिवशी हे एकच गाणं सगळा वेळ खाऊन बसलं आणि तरी पुरं झालं नाही. वरच्या सुरांना लागणारा दम बरगड्या देईनात. ब्रॅडलीने वादकांचा भाग टेपवर घेऊन ठेवला, आणि काही आठवड्यांनी तिने परत येऊन त्यावर आवाज चढवला.

म्हणजे तुमच्या त्या पियानोच्या जागा (फ्लॉइड क्रेमर!) आणि तिचा आवाज एका दिवसाचे नाहीत. हे डोक्यात ठेवून ऐका. इस्त्री केलेलं वाटतंय म्हणता, मला ते श्वास जपून टाकलेलं पाऊल वाटतं. तिने विलीचं भटकणं टाकलं आणि सूर लांबवत नेले.

थोडं अवांतर, पण राहवत नाही. हा स्टुडिओ म्हणजे अर्धगोल पत्र्याची शेड होती, क्वॉन्सेट हट म्हणायचे. तिथेच मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ झालं, ते १९६१ साली गाजलं. छान मऊ प्रेमगीत चाललेलं असतं आणि मध्येच ग्रेडी मार्टिनचा सहा तारांचा बेस असा काही गुरगुरतो की दचकायला होतं. मिक्सिंगच्या यंत्रातला एक भाग बिघडला होता! तो आवाज काढून न टाकता तसाच ठेवला. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने मग तो बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट बनवलं, १९६२पासून ते मॅस्ट्रो फझ-टोन नावाने पेटीतून विकायला आलं, आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने तीच पेटी पायाखाली घेऊन ‘सॅटिस्फॅक्शन’ची सुरुवात वाजवली. रॉकवाले मित्र कंट्रीला नाकं मुरडतात तेव्हा मी त्यांना हे गाणं ऐकवतो.

आणि ही घ्या तुमची जोडी. रिचर्ड्सच्या मनात ती धून ब्रास वाद्यांसाठी होती, गिटारचा तो आवाज म्हणजे त्याच्या लेखी कच्चा आराखडा. त्याच वर्षी ओटिस रेडिंगने ते गाणं गायलं, आणि तिथे ती धून ट्रम्पेट-सॅक्सोफोनच वाजवतात. आता यातलं मूळ कोणतं, तुम्हीच ठरवा.

चहाटळ

वाचनखूण साठवली आहे.

खर्जातला

जॉनी कॅशचं ‘हर्ट’ कोणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगून मोकळा होतो. झालं.

त्याऐवजी ‘रिंग ऑफ फायर’ ऐका. लिहिलं जून कार्टर आणि मर्ल किलगोर यांनी, आणि पहिल्यांदा गायलं जूनच्या धाकट्या बहिणीने, अनिताने. अनिताचं संथ आहे, देवळात एकटीने म्हटल्यासारखं. त्या आगीला ती घाबरलेली वाटते. कॅशने १९६३मध्ये तेच घेतलं आणि त्यात मेक्सिकन धाटणीचे ट्रम्पेट घातले. ते आपल्याला स्वप्नात ऐकू आले असं तो सांगायचा. त्याच्या आवाजात भीती नावाला नाही, माणूस वरातीत निघालाय! एकाच आगीत दोघं पडतात, पण तो खुशीने.

मला अनिताचं जास्त आवडतं. दगड मारायचे तर मारा.

जुनी_तबकडी

दगड नाही, पण एक खडा माझ्याकडून. “आपलं करून टाकलं” हे ऐकायला फार गोड लागतं. आधी ज्याचं होतं त्याच्या हाती काय लागलं, तेही विचारावं.

‘हाउंड डॉग’ लीबर आणि स्टोलर या दोन पोरसवदा मुलांनी बिग मामा थॉर्नटनसाठी लिहिलं. तिने ते १९५२मध्ये गायलं आणि पुढच्या वर्षी रिदम अँड ब्लूजच्या यादीत ते सात आठवडे वर होतं. त्यातला कुत्रा कुत्रा नाहीच. ऐतखाऊ पुरुषाला एक बाई दारातून हाकलतेय, आणि थॉर्नटन ते अशी गुरकावून म्हणते की ऐकणाराच दोन पावलं मागे सरतो. १९५६मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने गायलं ते मधल्या एका बँडने बदललेले शब्द घेऊन. त्यात खरोखरचा कुत्रा आला, ससा आला, आणि दारातली बाई गायब झाली. एल्व्हिसच्या जोशाबद्दल तक्रार नाही, मीही नाचले आहे त्यावर. पण थॉर्नटनच्या सांगण्यानुसार तिला त्या गाण्याचा पाचशे डॉलरचा एक चेक मिळाला, पुढे काही नाही.

म्हणून डॉली पार्टनचं कौतुक वाटतं. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे तिने पोर्टर वॅगनर या आपल्या गुरूसारख्या सहगायकाची साथ सोडताना लिहिलं. १९७४मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. एल्व्हिसला ते गायचं होतं, पण त्याच्या व्यवस्थापकाने, कर्नल पार्करने, प्रकाशनाचे अर्धे हक्क मागितले. डॉली रात्रभर रडली, पण नाही म्हणाली. १९९२मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने गायलं, अमेरिकेत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि हक्क डॉलीकडेच होते.

कान कुठे द्यायचा विचारलंत ना? व्हिटनीची सुरुवात बिनसाथीची आहे, सगळे तिथेच थांबतात. डॉलीच्या गाण्यात शेवटचं कडवं ती गात नाही, बोलते. निरोप घेताना माणसाचा आवाज बसतो, तसं. व्हिटनी निघून गेल्यावर दार हलत राहतं. डॉली ते हळूच ओढून घेते.

खर्जातला

@जुनी_तबकडी, मान्य. पण ‘रिस्पेक्ट’ला हा हिशोब लावून बघा. ओटिस रेडिंगचा १९६५चा पुरुष कमावून घरी येतो आणि मान मागतो. १९६७मध्ये अरीथा फ्रँकलिनने तेच गाणं उलटं फिरवलं, शब्दाची अक्षरं सुटी सुटी करून तोंडावर फेकली, आणि ते सुटं करणं ओटिसच्या गाण्यात नाहीच. तिथे हिसकावून घेणंच योग्य होतं.

जुनी_तबकडी

तिथे हो. हरले.

उशिराची_श्रोती

काल रात्रभर हाच उद्योग केला, डोळे लाल आहेत. थॉर्नटन पाच वेळा. एल्व्हिसचा ससा आला की आता मला हसू फुटतं, त्याला काही इलाज नाही. अनिताबद्दल खर्जातल्यांशी सहमत. ‘डोन्ट वरी’ ऐकताना, आधी सांगून ठेवलेलं असूनही, हेडफोन काढून तपासला.

आणि ‘क्रेझी’ परत ऐकलं. बरगड्यांचं कळल्यापासून प्रत्येक वरच्या सुराआधी मीच श्वास धरून बसतेय. इस्त्रीचं विधान मागे घेते.

विलीच्या मागे पायाने ठेका धरायचा प्रयत्न केला, दुसऱ्या ओळीतच चुकले. सहातारी, तुम्ही गिटार वाजवता म्हणून विचारते, याच्या साथीला बसणारे लोक त्याच्याकडे लक्ष तरी देतात का?

सहातारी

माझ्यापुरतं सांगतो. त्याच्या तबकडीबरोबर वाजवायला बसलो की शब्द ऐकायचेच नाहीत, ड्रमला चिकटून राहायचं. शब्द ऐकले की मी गेलोच.