सिडनीतले डिमेरिट पॉइंट: तारीख कोणती धरायची

डिमेरिट पॉइंट म्हणजे वाहतुकीचा नियम मोडल्यावर परवान्यावर चढणारे गुण, आणि ते तीन वर्षं धरले जातात. कुणीतरी लिहिलंय की ही तीन वर्षं दंड भरला त्या दिवसापासून मोजायची. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, तसं नाही. गुन्ह्याची तारीख धरतात, त्यामुळे दंड उशिरा भरून काही साधत नाही.

पूर्ण परवान्याला तीन वर्षांत 13 पॉइंट झाले की निलंबन. 13 ते 15 असतील तर तीन महिने. लाँग वीकेंडला मात्र फार जपा, तेव्हा काही गुन्ह्यांचे पॉइंट दुप्पट होतात. हातात मोबाइल एरवी 5, तेव्हा 10. आधीचे वेगमर्यादेचे 3 असले की संपलंच!

नोटीस आल्यावर निलंबनाऐवजी 12 महिन्यांचा 'गुड बिहेवियर' (चांगल्या वर्तणुकीचा) पर्याय मागता येतो, पण निलंबन सुरू व्हायच्या आत. त्या काळात 2 पॉइंट जरी लागले तरी मूळच्या दुप्पट निलंबन. रोज गाडी लागणाऱ्याने हे नीट तोलूनच निवडावं.

नियम पाळणाऱ्याला बक्षीसही आहे: 17 जानेवारी 2023 ला सुरू झालेल्या योजनेत वर्षभर एकही गुन्हा नसेल तर खात्यावरचा एक पॉइंट कमी होतो. एकच, आणि लर्नर (शिकाऊ) किंवा पी-प्लेटवाल्यांना (नवशिक्यांचा तात्पुरता परवाना असलेल्यांना) नाही.