‘जनुकांचे क्षैतिज हस्तांतरण’: नेमका शब्द कोणता?

दगडफूल:
रुग्णालयातल्या परिचारिकांसाठी पुस्तिका मराठीत आणायची आहे. कच्च्या खर्ड्यात ‘अँटिबायोटिक रेझिस्टन्स’ला ‘प्रतिजैविक प्रतिकारशक्ती’ आणि ‘हॉरिझाँटल जीन ट्रान्सफर’ला ‘जनुकांचे क्षैतिज हस्तांतरण’ असं घातलंय. वाचणारीला यातून नेमकं कळेल का?

पेट्रीडिश:
पहिल्या शब्दातली चूक मोठी आहे. ‘प्रतिकारशक्ती’ म्हटलं की डोळ्यांसमोर रुग्णाचं शरीर येतं, आणि ‘रुग्णाला औषधाची सवय झाली’ असा अर्थ निघतो. सवय रुग्णाला लागत नाही, औषध निकामी करायची सोय जंतूकडे असते. एनडीएम-१ हे जंतूकडचं विकर (एन्झाइम) मेरोपेनेम या प्रतिजैविकाच्या रेणूतलं बीटा-लॅक्टम कडंच फोडून टाकतं. ‘जंतू औषधाला दाद देत नाही’ हे बोलीतलं वाक्य तंतोतंत आहे. नाम हवंच असेल तर ‘औषधरोध’ घ्या.

आता ‘हस्तांतरण’. हा सातबाऱ्याच्या मुलखातला शब्द. जमीन हस्तांतरित झाली की देणाऱ्याकडे राहत नाही. जिवाणूंच्या संयुग्मनात, म्हणजे दोन पेशी जोडल्या जाऊन जनुकं देतात तेव्हा, तसं होत नाही. दाता पेशी पिलस नावाचा तंतू टाकून शेजारणीला जवळ ओढते. प्लाझ्मिड म्हणजे गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं कडं. त्याचा एक धागा रिलॅक्सेज हे विकर ठरावीक जागी कापतं, तेवढा एकेरी धागा पलीकडे जातो आणि दोघी आपापल्या धाग्याची जोडी पुरी करतात. शेवटी प्लाझ्मिड दोघींकडे, आणि घेणारीही आता देणारी होते. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचं एफ प्लाझ्मिड सुमारे १ लाख बेस-जोड्यांचं असतं. धागा सरकायला लागला की ३७ अंशांना ते दोन-तीन मिनिटांत पलीकडे जातं.

बोरू:
‘क्षैतिज’ऐवजी सरळ ‘आडवा’ म्हणा. आईपेशीकडून लेकीपेशीकडे जातो तो उभा वारसा, शेजारणीकडून येतो तो आडवा. आपली म्हणही आहेच: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मात्र पुस्तिकेत ‘गुण’ जपून वापरा. ‘औषधाचा गुण आला’ म्हणजे औषध लागू पडलं, इथे तर नेमकं उलट सांगायचंय.

पेट्रीडिश:
म्हण फार चपखल आहे, कारण वाण खरंच बदलत नाही. क्लेब्सिएला नावाचा जंतू क्लेब्सिएलाच राहतो. म्हणून ‘एकाच जातीचा जंतू पसरला तरच साथ’ असं पुस्तिकेत असेल तर ते काढा. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात २००७ पासून केपीसी हे मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणारं जनुक निरनिराळ्या जातींच्या जंतूंत सापडत गेलं. ते टीएन४४०१ या डीएनएच्या उड्या मारणाऱ्या तुकड्यात होतं, तो तुकडा कधी दुसऱ्या तुकड्यात, तो प्लाझ्मिडात, आणि प्लाझ्मिड निरनिराळ्या जंतूंत.

बेसिनबद्दलही लिहा. त्याच विद्यापीठात प्रयोगासाठी बसवलेल्या बेसिनांत, खालच्या वाकड्या नळीतला ई. कोलाय अन्न मिळताच बुळबुळीत थरातून दिवसाला सुमारे २.५ सेंमी वर चढला. जाळीपर्यंत पोचल्यावर पाण्याच्या धारेने उडालेले शिंतोडे सुमारे ७५ सेंमीपर्यंत गेले. म्हणून हात धुण्याच्या बेसिनात उरलेलं डेक्स्ट्रोज, दूध, नळीतून द्यायचं अन्न ओतू नये. धार थेट जाळीवर पडू नये. बेसिनशेजारी सिरिंज वा ड्रेसिंग मांडू नये.

बोरू:
मग ‘हस्तांतरण’ऐवजी ‘प्रत देणे’ म्हणायचं का?

पेट्रीडिश:
संयुग्मनापुरतं चालेल. पण मेलेल्या पेशीचा मोकळा डीएनए दुसरी पेशी उचलते (ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये न्यूमोनियाच्या न्यूमोकोकस जंतूमध्ये दाखवला तो प्रकार), तेव्हा देणारी जिवंतच नसते. तिसऱ्या वाटेत जिवाणूंवर वाढणारा विषाणू जनुक वाहून नेतो. तिन्हींना सामावणारा शब्द ‘आडवा प्रसार’.

प्रयोगशाळेत या वाटा वेगळ्या ओळखता येतात. रुग्णाकडून आलेला जंतू दाता, सोडियम अझाइड हे जंतूंची वाढ रोखणारं रसायन सोसणारा ई. कोलायचा जे५३ हा प्रकार ग्राहक. दोन्ही मिसळून ३७ अंशांना काही तास ठेवायचे, मग अझाइड (मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम) आणि औषध दोन्ही असलेल्या आगारवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) पसरायचे. नुसता दाता आणि नुसता ग्राहक पसरलेली पात्रं कोरी राहिली तरच मिश्रणातून वाढलेल्या जंतूंच्या वसाहतींना (ठिपक्यांना) अर्थ आहे, नाहीतर ती आपोआप झालेली उत्परिवर्तनं असू शकतात. डीएनएज हे मोकळा डीएनए तोडणारं विकर घालूनही वसाहती आल्या तर मोकळ्या डीएनएची वाट नव्हे.

दगडफूल:
मग असं लिहिते: ‘प्रतिजैविकाच्या अतिवापराने औषधरोधाची जनुके तयार होतात व आडव्या प्रसाराने शेजारच्या जंतूंत जातात.’

पेट्रीडिश:
‘तयार होतात’ बदला. औषध जनुक घडवत नाही. ज्यांच्याकडे ते नाही त्या जंतूंना मारून ज्यांच्याकडे आहे त्यांना जागा मोकळी करून देतं. ‘अतिवापराने औषधरोधाची जनुके असलेले जंतूच उरतात व वाढतात, आणि ती जनुके आडव्या प्रसाराने इतर जंतूंतही जातात’, असं करा.