चेकबुक आता मोडीत काढायचं का?

चेक खरंच संपत चाललेत का हो? मला तर बरे वाटतात, कुणाला किती दिले ते काउंटरफॉइलवर राहतं आणि गडबड झाली तर वटायच्या आत स्टॉप पेमेंट करता येतं, ऑनलाइन एकदा गेले की गेले.

> काही ठिकाणी संपलेत पण! न्यूझीलंडच्या मोठ्या बँकांनी २०२१ पर्यंत बंदच केले. अमेरिकन सरकारनेही ३० सप्टेंबर २०२५ पासून कागदी चेक देणं बहुतेक थांबवलंय.

> > ब्रिटनने पण २००९ मध्ये ठरवलेलं की २०१८ ला चेक बंद, मग ज्येष्ठ मंडळी आणि धर्मादाय संस्थांनी एवढी बोंब मारली की २०११ मध्ये निमूट मागे घेतलं. सो एवढ्यात रद्दीत देऊ नका.

> सेफ म्हणताय पण चेकवर अकाउंट नंबर छापलेला, खाली तुमची सही, पोस्टातून चोरला की केमिकलने शाई धुऊन नाव नि रक्कम बदलतात आणि तुम्हाला कळतं स्टेटमेंट आल्यावर. लिहायचाच तर जेल पेनने लिहा, ती शाई कागदात मुरते, बॉलपेनची पटकन निघते.

> > हे माहीत नव्हतं, थँक्स. पण मोठी रक्कम ऑनलाइन पाठवताना हात थरथरतो त्याचं काय 😅

> > > आधी थोडेसे पाठवा, पोचले का विचारा, मग बाकीचे.